वळताना वायपर: एका जर्मन गाडीसाठी नांदेड ते लातूर

निलंग्याच्या कॉलेजात बदली झाल्याचं कळलं आणि त्या दिवसापासून माझं घरात मन लागेना. नवऱ्याची, प्रमोदची, नोकरी नांदेडला, घर नांदेडला आणि मी आठवडाभर निलंग्याला. एसटी आहे, पण मला स्वतःची गाडी हवी होती आणि ती स्वतः चालवायची होती. कुणी सोडायला नको, कुणी आणायला नको. लातूरच्या एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात एक जर्मन गाडी असल्याचं प्रमोदनं मोबाईलवर शोधून काढलं आणि पुढच्याच शनिवारी आम्ही सकाळी निघालो.

निघालो ते थेट लातूरला नाही, आधी कंधारला. आमच्याकडे गाडी बघायला जाणं म्हणजे सोयरीक बघायला जाणं. सोबत घरचा मोठा माणूस लागतो, नाहीतर समोरचा भाव देत नाही म्हणतात. माझा मोठा भाऊ कंधारला खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. लोह्यापर्यंत रस्ता झकास आहे. तिथं गरम भजी खाऊन घ्या, स्वस्त आणि पोटभर. तिथून कंधारचा फाटा. वेळ असेल तर किल्ला बघाच, खंदक अजून शाबूत आहे. मी मात्र खंदकाच्या काठावर उभी राहून घड्याळ बघत होते.

"जय भीम, दाजी! चहा घ्या, मग निघू," दादा म्हणाला. आमची छोटी जपानी गाडी त्याच्या दारात ठेवली आणि त्याच्या देशी सात सीटर डिझेलमध्ये बसलो. दादाला जगातल्या सगळ्या देशांचा स्वभाव तोंडपाठ आहे, आणि तो त्यांच्या गाड्यांवरून ठरलेला आहे.

"जपानी माणूस पोटाला चिमटा घेऊन जगतो. गाडी पण तसलीच. पेट्रोलचा नुसता वास घेऊन पळती, पण पत्रा पापडासारखा. कोरियन म्हणजे लग्नातला बँड, लाइटच लाइट. जर्मन म्हणजे कडक हेडमास्तर. दार लावलं तरी धप्प!"

"आणि आपली?" प्रमोदनं विचारलं.

"आपली म्हणती, बसा की अजून दोघं."

हसून हसून पोट दुखलं, खोटं कशाला बोलू. पण चाकूर मागे पडलं आणि त्यानं हळूच शेपूट जोडलं. "सुजा, मी काय म्हणतो, बाईमाणसाला जपानीच बरी. जर्मन गाडीला हात लई कडक लागतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. हिवाळ्यात या रस्त्यानं जाणार असाल तर अंधार पडायच्या आत पोहोचा, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो.

लातूरचं दुकान रिंगरोडला. गाडी करड्या रंगाची, ठेंगणी, अंगानं भरलेली. दार लावलं तर खरंच धप्प आवाज आला आणि माझा जीव तिच्यावर जडला. दाराच्या कडेच्या पट्टीवर भारतात बनल्याचं लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "चाकणला बनती ही. आमचा भाचा तिथंच कामाला हाय की."

"म्हंजी जर्मन गाडी औसा-लातूरची माणसं बनवून राहिली?" दादानं तोंडाचा आ केला. मग लगेच सावरला. "असू दे. डोकं तर जर्मनच हाय ना."

दुकानदारानं किल्ली काढली आणि दादाच्या हातात दिली. घेणार मी, चालवणार मी, तरी किल्ली दादाच्या हातात, आणि प्रमोद मोबाईलमध्ये. मी मागे बसले. पहिल्या चौकात दादानं वळायला उजव्या हाताची दांडी खाली ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रर्र करून फिरला. या गाड्यांत इंडिकेटर डावीकडे असतो. दुसऱ्या चौकात पुन्हा तेच. मागून एक ऑटोवाला ओरडला, "मामा, पाऊस कुठं पडून राहिला?"

"ह्यांचं सगळंच उलटं," दादा तणतणला. "जर्मन लोक हट्टी, दुसऱ्याचं ऐकायचंच न्हाई."

मग माझी पाळी. स्टिअरिंग घट्ट, रस्ता पायाखाली कळत होता. चौक आला, सवयीनं उजवा हात हलला. खर्रर्र.

"बघ!" दादा म्हणाला. "तुला न्हाई जमणार हे. म्हणलं होतं ना मी."

मी गाडी कडेला घेतली. "दादा, तुझ्या हातून वायपर फिरला तेव्हा चूक जर्मनांची होती. माझ्या हातून फिरला तर चूक माझी कशी?" आवाज चढला होता माझा. प्रमोदनं पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवला.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्या दोघांना तिथंच सोडून मी रिक्षा केली आणि बसस्थानकावरून निलंग्याची लाल एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. जो रस्ता दर आठवड्याला माझ्या नशिबी येणार होता तो तरी डोळ्यांनी बघू म्हटलं. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. औसा गेलं आणि प्रत्येक वळणाला माझा डावा हात मांडीवर आपोआप खाली यायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हाताला मुंग्या आल्या का गं?" मी म्हटलं, "नाही, शिकून राहिले." निलंग्यात उतरून तिथला तो तिखट निलंगा राइस खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा, आणि परतीची बस धरली.

दुकानात दोघं चहा पीत बसले होते. "घेतली," मी म्हटलं. प्रमोदनं दुकानदाराकडून किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली. दादा "बरं" म्हणाला, एवढंच. कंधारपर्यंत तो आणि प्रमोद पुढे त्याच्या गाडीत आणि मी मागे एकटी. त्याच्या प्रत्येक इंडिकेटरमागे माझा इंडिकेटर लागत होता. एकदा वायपरही फिरला, पण बघायला कुणी नव्हतं.

आता निलंग्याचा रस्ता हाताखालचा झालाय. गाडी ना हेडमास्तर निघाली ना कडक. एसी लावला की गाणी म्हणते, आणि मागच्या मधल्या सीटवर बसणारा शिव्या देतो. कॉलेजात कुणी गाडी कुठली विचारलं की मी चाकणची म्हणते. दादाशी मात्र फोनवर जेवलास का, झोपलास का, यापुढे बोलणं सरकत नव्हतं, आणि ते मला खात होतं.

परवा त्याची कंबर आखडली. लातूरच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, पण ठेंगण्या गाडीत बसवेना, म्हणून त्याचीच डिझेल काढली. वहिनी मागे, दादा शेजारी, चालवायला मी. अहमदपूरच्या चौकात वळायला मी सवयीनं डावी दांडी ओढली. खर्रर्र. कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. आता तो काय म्हणतो, म्हणून मी वाट बघत राहिले.

दादा वायपरकडे बघत होता.

"सुजा," तो म्हणाला, "ही गाडीच उलटी हाय."

मी वायपर बंद केला आणि वळले.