तरवडाला घातलेलं पाणी

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला चिकटलेल्या गावात गौरम्मा सून म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्या ओळखीचं इथं एकच होतं, घरामागच्या मुरमाड टेकाडावरचं झुडूप. माहेरी, तेलंगणात, त्याला तंगेडू म्हणत, इथं तरवड. पिवळी फुलं तीच, चपट्या शेंगाही त्याच. पावसानं दडी मारली की विहिरी आणि माणसं दोन्ही खोल जात. तरवड मात्र काही घडलंच नसल्यासारखा फुलायचा. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून राखणही नको. सासरे त्याच्याच काडीनं दात घासायचे आणि उन्हाळ्यात डोकं थंड राहावं म्हणून पटक्याखाली त्याचाच पाला ठेवायचे. साल पूर्वी कातडं कमावणारे घेऊन जात.

सासूबाई नवरात्रात घटाला पहिली माळ तरवडाच्या फुलांची घालायच्या. गौरम्मांच्या माहेरी रीत वेगळी. घट बसायच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, तिथं याच फुलांची बतुकम्मा रचतात. ताटात फुलांचे थर, वर हळदीची गौर, आणि भोवती बायकांचा फेर. पहिल्या वर्षी गौरम्मांनी अंगणात एकटीनंच फेर धरला. बायका भिंतीवरून बघून हसल्या. पुढच्या वर्षी शेजारची पंचशीला आली, मग हळूहळू सगळी गल्ली. वरच्या थरांना बाजारचा झेंडू चालायचा, पण खालचा थर तंगेडूचाच. नाहीतर ती बतुकम्माच नव्हे, यावर गौरम्मा ठाम.

यंदा मृत्युंजयनं, त्यांच्या मुलानं, अव्वाला खूश करायचं मनावर घेतलं. अव्वा म्हणजे आई. त्यानं मोसंबीची ठिबकची नळी टेकाडावर ओढली, बुडाशी युरिया टाकला. तरवड पुरुषभर वाढला, आत दिवसाही अंधार वाटावा इतका दाट. भादवा सरत आला तरी फूल नाही.

अमावस्येला सकाळी गौरम्मा रिकामी टोपली घेऊन त्या हिरवळीत उभ्या राहिल्या. मागून मृत्युंजय आला.

"अव्वा, पाणी कमी पडलं का काय?"

"कमी? आयतं मिळाल्यावर त्यो कशाला फुलंल रे? तू बी दुकानात बसल्यापासून असाच सुटून राहिलास."

मंजुश्री, लातूरची नवी सून, पदरात हसली. हे तिचं इथलं पहिलं नवरात्र. हाणेगावच्या रस्त्याला बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथं काहीतरी पिवळं दिसलं होतं, असं ती म्हणाली आणि सासूला स्कूटीवर मागं बसवून निघालीसुद्धा.

खाणीत तरवड दगड फोडून वर आला होता. धुळीनं माखलेला, काटकुळा, पण फुललेला. फक्त आसपासच्या गावांतल्या बायका आधीच येऊन गेल्या होत्या. टोपलीचा तळ झाकेल एवढीच फुलं मिळाली.

घरी येऊन गौरम्मांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली. उद्याच्या माळेपुरती होतील, म्हणाल्या. यंदा बतुकम्मा नाही, तेवढं पंचशीलाला सांगून ये. हे सांगताना त्या भिंतीकडं बघत होत्या.

मंजुश्री जागची हलली नाही.

"आत्याबाई, माझ्या माहेरी पहिली माळ विड्याच्या पानांची असती. फुलं दुसऱ्या माळंपासून."

"ह्या घरात तरवडाचीच असती."

"ह्या घरात बतुकम्मा तरी कुठं होती?"

गौरम्मा तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी फडकं सोडलं, फुलं ताटात पसरली आणि मृत्युंजयला पानं आणायला बाजारात पिटाळलं.

संध्याकाळी बतुकम्मा वीतभरच उभी राहिली. पंचशीला म्हणाली की औंदा गौर लई बारीक झाली, उपास धरलेला दिसतोय. अंगणात हशा पिकला आणि फेर सुरू झाला. मंजुश्रीला गाणं येत नव्हतं, तिची टाळी दर वेळी जराशी मागं पडायची. गौरम्मांनी फेराची चाल थोडी धीमी केली.