टॉन्सिल काढायला गेलो तेव्हा

मी चौथीत होते त्या वर्षी घरात माझ्या घशाशिवाय दुसरा विषय नव्हता. दर महिन्या-दीड महिन्याने गिळताना दुखायचं, अंगात कणकण यायची आणि आरशासमोर तोंड उघडलं की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना बोरांएवढे लाल गोळे दिसायचे.

आम्ही इंझोरीत राहायचो. बाबा मानोऱ्याच्या शाळेत चपराशी होते, सायकलने जायचे-यायचे. माय लोकांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. विहारात पौर्णिमेला वंदना सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज मोठा होता आणि मला ती न चुकता पाठ होती. दोन पौर्णिमा घसा बसल्यामुळे दुसऱ्या मुलीने सांगितली, तेव्हा मी घरी येऊन रडले होते.

आधी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीला बोलावलं. ती बोटाला राख लावून घशात घालायची आणि पडजीभ वर उचलायची. पहिल्या वेळी मी कसंबसं सोसलं. दुसऱ्या वेळी मी तिच्या बोटाला चावले.

"अवो, हे पोट्टी चावते!" ती बोट झटकत मायला म्हणाली. "हिले डाक्टरकडेच ने बापा."

मग बाबांनी मला कारंजाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून घशात पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "टॉन्सिल आहेत. काढून टाका. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात जा." एवढंच. बाबांनी चिठ्ठीच्या चार घड्या घालून ती खिशात ठेवली. डॉक्टरने लिहिलं म्हणजे त्यांच्यासाठी ते झालंच.

वर्गातल्या एका मुलीच्या मामेभावाचं हेच ऑपरेशन झालं होतं. ती मला रोज नवीन काहीतरी सांगायची. हातपाय बांधतात. नाकावर जाळी ठेवून वास देतात. रक्त थुंकावं लागतं. आणि एकदा म्हणाली, आवाज बदलतो. त्या दिवशी मी मायला विचारलं, "माहा आवाज जाईन काय व?"

"नाई जात," माय भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् गेला तं गेला, घरात तेवढीच शांतता." पण मग तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. धुराने, म्हणाली. चूल तेव्हा चांगली पेटलेली होती.

बाबांनी चार दिवसांची सुट्टी काढली. कारंजाहून एसटीने अकोल्याला जाईपर्यंत ते खिडकीबाहेरचं एकेक गाव मला दाखवत होते, पण मला ऐकू येत होतं ते फक्त माझं गिळणं. दवाखान्यात नाव लिहिलं, रक्त काढलं, खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला काही खायला दिलं नाही, पाणीसुद्धा नाही. बाबाही माझ्याबरोबर उपाशी बसले.

नऊच्या सुमारास एक डॉक्टरीणबाई आल्या. वयाने बऱ्याच मोठ्या, केस पांढरे, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी माझी जीभ चमच्याने दाबून घसा पाहिला, मानेच्या गाठी चाचपल्या, दोन्ही कानांत पाहिलं. मग बाबांकडे वळल्या.

"वर्षात जोरात ताप किती वेळा आला?"

"जोरात? दोन खेपा आला असन. बाकी कनकन येते."

"कान फुटतो?"

"नाई."

"झोपेत घोरते? श्वास अडकतो?"

"नाई जी, मस्त झोपते."

"जेवते?"

"जेवते तं!"

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "मग हिचे टॉन्सिल मी काढणार नाही."

मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला एकदम भूक लागली.

बाबा मात्र गोंधळले. "पन बाई, डाक्टरनं लिहून देल्लं हाये. मी हेडमास्तरकून सुट्टी घेऊन आलो."

"सुट्टी घेतली म्हणून पोरीचा घसा कापू?" बाई हसल्या आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. इतक्या मोठ्या दवाखान्यात कुणी आमच्याजवळ बसून बोलेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "अंगावरची कातडी जाड असते, कोरडी असते. तिच्यातून जंतू सहजी आत जात नाहीत. पण तोंड, नाक, घसा आणि तिथून थेट आतड्यापर्यंत सगळं अस्तर पातळ आणि ओलं असतं. हवा तिथूनच येते, अन्नपाणी तिथूनच जातं, म्हणून जंतूही तिथूनच येतात. तिथे शरीराला राखण ठेवावी लागते. हे दोन गोळे त्या राखणीतले. आलेला जंतू कोण, कसा, हे ते ओळखतात. मग त्याला चिकटून त्याला निकामी करणारा रस शरीर तयार करतं. तो लाळेत उतरतो, शेंबडात उतरतो. या वयात रोज नवा जंतू भेटतो, काम जास्त, म्हणून ते सुजतात. पोर मोठी झाली की काम कमी होईल आणि हे आपोआप लहान होतील."

बाबांनी माझ्या घशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे शाळेच्या फाटकावरचा चपराशीच म्हना की."

"हो, तसंच म्हणा."

"मंग काढाचा कायले? काम करून राह्यला न तो!"

बाई मोठ्याने हसल्या, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. मग डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या, आणि बजावलं की वर्षात सहा-सात वेळा ताप आणि पू आला, किंवा झोपेत श्वास अडकायला लागला, तर लगेच परत या. "तेव्हा मीच काढीन."

दवाखान्याबाहेर येताच बाबांनी मला पोटभर पुरी-भाजी खाऊ घातली. गिळताना दुखत होतं तरी मी खाल्लं. बाबा समोर बसून स्वतःशीच हसत होते. तीन दिवसांपासून आवळलेला त्यांचा चेहरा सैल झाला होता, आणि तेव्हा मला कळलं की ते माझ्याइतकेच घाबरले होते.

आम्ही इंझोरीत परतलो तेव्हा माय ओट्यावर उभी होती. मला चालत येताना पाहून तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला, बाहेरूनच. सगळं ऐकून म्हणाली, "मंग एवढ्या दूर कायले गेलते?" आणि त्या रात्री तिने चुलीवर दोनदा पाणी कोमट केलं.

पुढची दोन वर्षं घसा दुखतच राहिला. एकदा पाचवीत असताना चांगला तीन दिवस ताप होता, आणि आपलं चुकलं तर नाही ना म्हणून बाबा शाळेत गेलेच नाहीत. पण तो उतरला. सहावीच्या हिवाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की दिवाळीपासून मी घसा म्हणून एकही दिवस घरी राहिले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं मात्र वेगळं झालं. ती झोपेत इतकी घोरायची, मध्येच श्वास थांबून दचकून उठायची, की मायला तिच्याजवळ बसून राहावं लागे. बाबा तिला त्याच बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी पाहिलं आणि या वेळी म्हणाल्या, काढावे लागतील. बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. जी बाई नको म्हणू शकते, तिने हो म्हटल्यावर भीती वाटत नाही, असं ते नंतर म्हणाले. आठ दिवसांनी बहीण घरी आली. पहिल्याच दुपारी ती तोंड मिटून झोपली, आणि माय भिंतीला टेकून तिचा श्वास ऐकता ऐकता स्वतःही झोपून गेली.