मुंग्यांवरचा आरोप

जळगाव स्टेशनवर गाडी यायला वीस मिनिटं होती आणि माझ्या बॅगेत उरलेली शेवटची वीतभर जागा कुणाची, यावरून माझे आईवडील भांडत होते. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात गुलाबी पत्रकांचा गठ्ठा होता. मायच्या हातात कळण्याचं पीठ, बिबड्या आणि लसणाच्या तिखटाची बरणी. मी भूतानमधल्या एका डोंगरी शाळेत विज्ञान शिकवायला निघाले होते.

"नाना, तिथं मराठी कोण वाचणार?" मी विचारलं.

"तू वाचशी ना," नाना म्हणाले. ते घरात अहिराणीच बोलतात. प्रमाण मराठी ते फक्त छापतात.

सोडायला आलेले काका आठवडाभर एकच विनोद करत होते, तो त्यांनी प्लॅटफॉर्मवर मोठ्याने पुन्हा केला. "भूतानमा चालनी आनि म्हने भूत नहीत!" शेजारच्या बाकावरचे अनोळखी लोकही हसले. माय हसली नाही. ती मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि माझ्या तपकिरी पँटकडे बघून म्हणाली, "हाईच पँट घालत जाय. मी नीट शिवेल शे. उंच जागी चढशी तधय तं हाईच." माय ब्लाऊज शिवते. शिवलेल्या कपड्याचं तिला कौतुक असणारच, असं मला वाटलं. शेवटी तिखटाची बरणी माझ्या मांडीवर आली आणि पत्रकं बॅगेत गेली. घरात तत्त्व नेहमी असंच जिंकायचं.

मी वाचायला शिकले तीच नानांच्या पत्रकांवर. आमच्या घरी भ हा भटजीचा नव्हता, भोंदूचा होता. 'मांत्रिक स्वतः दवाखान्यात का जातो?' 'मुंजाला जानवं कोण विकतं?' शिंदखेड्याच्या बाजारात, सोनगीरच्या यात्रेत मी नानांच्या सायकलवर पुढे बसून ही पत्रकं वाटलेली आहेत. लोक त्यात भजी बांधून न्यायचे. नाना म्हणायचे, भजी संपल्यावर वाचतील.

नानांची सगळ्यात मोठी लढाई मात्र माझ्या जन्माआधीची. गावाबाहेरच्या पिंपळावर मुंजा आहे आणि तो अमावास्येला भर दुपारी बाराला उतरतो, म्हणून बाया शेतात जायला लांबचा फेरा घ्यायच्या. नानांचं नवं लग्न झालं होतं. ते अमावास्येला बाराच्या ठोक्याला पिंपळाच्या पारावर जाऊन बसले, भाकरी-कांदा खाल्ला, तासभर बसून विजयी होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांना बसता येईना. माणूस ज्यावर बसतो ती जागा फोडांनी भरली होती. आठ दिवस नाना पालथे पडून जेवले. गावाला इतका आनंद पोळ्यालाही झाला नव्हता. नानांनी पालथं पडूनच नवं पत्रक लिहिलं: 'लाल मुंग्या: गैरसमज आणि सत्य'. पारावर लाल मुंग्या होत्या, त्या चावल्या, मुंजाचा संबंध नाही. त्याचा उपयोग एवढाच झाला की आजही गावात म्हातारी माणसं त्यांना हाक मारतात, "काय नाना, मुंग्या कशा शेतीस?"

हे सगळं मागे टाकून मी निघाले आणि अडीच दिवसांच्या गाडीनंतर आणि दीड दिवसाच्या वळणांनंतर जिथे पोचले, तिथे पहिल्याच दारावर माझं डोकं आपटलं.

घरमालकीण आउम पेमा. आउम म्हणजे आपल्याकडचं अक्का. मालिका बघून बघून तिचं हिंदी चांगलं झालं होतं, फक्त ती साध्या गोष्टीही सासूच्या आवाजात बोलायची. दार एवढं बुटकं का, असं मी कपाळ चोळत विचारलं. तिने सांगितलं, मेलेलं माणूस कधीकधी उठतं, त्याला रोलांग म्हणतात. ते ताठ असतं, त्याला कमरेत वाकता येत नाही, म्हणून बुटक्या दारातून आत येत नाही.

"पण माझं डोकं रोज आपटणार."

"तुम भी झुकती नहीं हो," आउम पेमा म्हणाली.

पुढच्या महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मी घर सोडलंच नव्हतं. कड्यावर त्सेन नावाचं भूत, झऱ्यात लु, पुलापाशी कोणाची तरी मेलेली बायको. आमच्या विहिरीवर शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे साती आसरा. इथे झऱ्याकाठी पांढरा केलेला एक दगड म्हणजे लु, पाण्यातला नाग. आसरांना विटाळ चालत नाही, लुला धूर, मांस आणि लसूण चालत नाही. चव्वेचाळीस डिग्रीतून मी बर्फाजवळ आले होते आणि भुतं तीच होती, फक्त त्यांनी गरम कपडे घातले होते.

मला राग आला तो त्या दगडाचा. शाळेची सरळ पायवाट त्याच्या शेजारून जाते. पण मुलं तिथून जात नसत. ती जंगलातून अर्धा तास फेरा मारून, पायांना जळवा चिकटवून घेऊन शाळेत येत आणि पहिल्या तासाला पेंगत. पिंपळाजवळून न जाणाऱ्या बाया मला आठवल्या. माझ्या अंगात रक्त कोणाचं आहे ते कळायला वेळ लागला नाही. एका रविवारी भर दुपारी मी सगळ्यांना दिसेल अशी त्या पांढऱ्या दगडावर जाऊन बसले. अंगात तपकिरी पँट, हातात भाकरी आणि लसणाचं तिखट. चांगला तासभर बसले, मध्ये हातही हलवला. समोरच्या उतारावरून मुलं श्वास रोखून बघत होती.

सोमवारी मला बसता येईना.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने फोड बघितले आणि ती मलम शोधायला लागली, पण तिच्या चेहऱ्यावर निदान दिसत होतं. तिकडे असं मानतात की लु रागावला की पहिल्यांदा कातडीवरच येतो. मी चार दिवस उभी राहून शिकवलं. मुलं अतिशय आदराने वागत होती, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं. आता ती जंगलातूनसुद्धा आणखी वरच्या वाटेने जाऊ लागली. अर्ध्या तासाचा फेरा पाऊण तासाचा झाला. माझ्या पुराव्याने दगडाला प्रमाणपत्र दिलं होतं.

आउम पेमा रडायच्या बेताला आली होती. तिची सून गरोदर होती. "दूध चढ़ाओ, माफी माँगो. नहीं तो बेटी, कमरा छोड़ दो. मुझे डर लगता है." ती मला मुळीच धमकावत नव्हती. सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी तापवणारी बाई ती. मी म्हणाले, रविवारपर्यंत वेळ द्या. मनात नानांचं पत्रक तयार होतं: लाल मुंग्या. पण इथल्या थंडीत लाल मुंगी मी एकही बघितली नव्हती.

शनिवारी मी ती पँट धुवायला काढली. मागच्या बाजूला काळपट डाग होता, साबणाने जाईना, आणि बोटं चुरचुरायला लागली. शिवणीत काहीतरी टणक लागलं. टाके फार सुबक होते. असे टाके शिंदखेडा तालुक्यात एकच बाई घालते. ते मी उसवले. आत काळ्या दोऱ्यात बांधलेला बिब्बा होता. नजर लागू नये म्हणून लेकरांना बांधतात तो. गाडीच्या गादीवर तो टिकला होता, पण दगडावर तासभर बसून मी तो ठेचला होता आणि त्याचं तेल पार आत उतरलं होतं. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात, हे खान्देशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

म्हणजे पुरावा माझ्या हातात होता. लु निर्दोष होता. फक्त तो पुरावा दाखवायचा तर सांगावं लागणार होतं की विज्ञानाची मास्तरीण दृष्ट लागू नये म्हणून पँटीत बिब्बा घालून दगडावर बसली होती. गप्प राहिले तर मुलं जन्मभर जळवा काढत बसणार. मी सोमवारी तो बिब्बा चिमट्यात धरून वर्गात नेला. त्याचं तेल, कातडीवरचा परिणाम, सगळं शिकवलं. मग तो कुठे होता आणि कुणी ठेवला, तेही सांगितलं. वर्ग इतका हसला की शेजारचे सर बघायला आले. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी आउम पेमाने बिब्बा कागदावर ठेवून सगळ्या बाजूंनी निरखला. "तेरी माँ बहुत समझदार है," ती म्हणाली. "उसको वहाँ बैठे-बैठे पता चल गया, यहाँ लु है."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की मॅडमच्या आईच्या बिब्ब्याची आणि लुची गाठ पडली, लढाई बरोबरीत सुटली, आणि आता दोघांत समझोता आहे. आउम पेमा दगडाला दूध देऊन आली. मी दूध ओतलं नाही. किटली फक्त वरपर्यंत नेली, कारण तिचे गुडघे दुखतात. त्या दिवसापासून मुलं सरळ पायवाटेने येतात आणि पहिल्या तासाला जागी असतात. तीन जणांनी मला विचारलंय की आईकडून त्यांच्यासाठी बिब्बे मागवता येतील का. मी नाही म्हणाले. तेवढं तत्त्व शिल्लक आहे.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल केला आणि नानांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फोड कोठे व्हतात?" मी जागा सांगितली. मागे चालू असलेलं मायचं शिलाई मशीन थांबलं.

"म्हनजे मुंग्या नव्हत्यात?" नाना हळूच म्हणाले. ते मला विचारत नव्हते.

"तुमना धोतरले शिवता येस का?" माय मशीनमागून म्हणाली. "लंगोटमा शिवा व्हता."

"अवो, तीस वरीस मी लोकेसले मुंग्या सांगी ऱ्हायनू! येक शबद बोलनी नहीस?"

"तुम्ही इतलं चांगलं लिखेल व्हतं. कसं सांगू?" आणि मग, "मुंजा नव्हता ना पन? तुमनं खरंच निंघनं ना? मंग!"

त्या दोघांचं भांडण पुढे कॉल कापला जाईपर्यंत चाललं. पंधरा दिवसांनी मोबाइलवर एका गुलाबी कागदाचा फोटो आला. धुळ्यात छापलेला, नानांच्या खास ठळक अक्षरांत: 'दुरुस्ती. आमच्या पूर्वीच्या पत्रकात लाल मुंग्यांवर केलेला आरोप आम्ही जाहीरपणे मागे घेत आहोत. सदर इजा बिब्ब्याने झाली असून तो लेखकाच्या पत्नीने शिवला होता. मुंजाचा तेव्हाही संबंध नव्हता, आजही नाही.' नाना ते स्वतः सायकलवरून वाटत फिरले, असं काका सांगत होते. सगळं गाव हसत होतं आणि नाना प्रत्येकाच्या हातात कागद देत होते. लाज वाटली तरी खरं छापायचं, हे मला त्यांच्या कुठल्याच पत्रकाने इतकं नीट शिकवलं नव्हतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडून मोकळे झालो समजणाऱ्यांनो, मला पूर्वी वाटायचं, घर म्हणजे जे पटत नाही म्हणून सोडून येतो ते. आता वाटतं, घर म्हणजे जे आपल्याला न विचारता आपल्या शिवणीत घातलेलं असतं. ते बहुधा उततं. मी तो बिब्बा फेकून दिलेला नाही. नानांच्या 'मांत्रिक स्वतः दवाखान्यात का जातो?' या पत्रकात नीट गुंडाळून, कातडीपासून लांब, दाराशेजारच्या फळीवर ठेवलाय. शाळेतून आले की तो दिसतो. पण तो दिसायला आधी आत यावं लागतं, आणि आत येताना आता मी वाकते.