उस्तादांचा डावा गाल

सानगडीत मी पाच वर्षं मास्तरकी केली, आणि त्या पाच वर्षांत, एक वेळ सोडता, उस्तादांचा उजवा गाल धड पाहिला असेल तर शपथ. पंक्चर काढताना, चहा पिताना, माणूस कायम तिरका बसायचा, डावी बाजू आपल्याकडे करून. मी स्वभावानं तिरसट. एकदा चिडून म्हटलं, "अहो, माणसाशी बोलताना समोर बघावं!" तर शांतपणे म्हणाले, "कॅमेरा याच बाजूनं होता, गुरुजी."

शाळेसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी बायको आणि तान्ही पोर मागे ठेवून, कुणाला न सांगता ते मुंबईला पळाले. चार वर्षं स्टुडिओच्या फाटकाशी उभे राहिले, तेव्हा कुठे एका पिक्चरात काम मिळालं: हिरे चोरणाऱ्या टोळीतला तिसरा चोर. परत आले तोवर गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं, की गडी जेलात होता. बायको एकोडीला माहेरी गेली ती तिथेच वारली. मुलगी सुमन मामाच्या घरी वाढली, बाप जेलात होता हेच ऐकत वाढली. ती कधी भेटायला येत नसे.

"मी चोर होतो, पण पिच्चरमधी," उस्ताद म्हणायचे. "हे तिले कोण सांगन?"

ते सांगायचे, पिक्चरात आपल्याला एकच वाक्य होतं, "उस्ताद, पुलिस!" त्यावरून गावानं त्यांनाच उस्ताद केलं. कुणाची कोंबडी हरवली, की टवाळ मंडळी दुकानासमोर उभी राहून ओरडायची, "उस्ताद, पुलिस!" तेही हसायचे. मला मात्र संताप यायचा. मी म्हणायचो, "तुम्ही हसता काय?" ते म्हणायचे, "हसू द्या जी. डायलॉग तरी पाठ आहे लोकायले."

दर शुक्रवारी दुकान बंद करून ते सायकलनं साकोलीच्या टॉकीजला जायचे, नुसतं पोस्टर बघायला. तो पिक्चर इतका फाटका, की आमच्या भागात यायचं नावच घेईना. एका शुक्रवारी मात्र ते धापा टाकत परतले आणि माझ्या दारात सायकल आडवी टाकून म्हणाले, "गुरुजी, आला!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गेलो. काय तो पिक्चर! पुठ्ठ्याची गुहा, बाटलीच्या बुचाएवढे काचेचे हिरे, आणि हेलिकॉप्टरचा नुसता आवाज. पण मध्यंतरानंतर चोरांची मोटार पळते, मागच्या सीटवर मांडीवर पेटी घेतलेला एक सडपातळ तरुण खिडकीबाहेर बघतो आणि ओरडतो, "उस्ताद, पुलिस!" आवाज दुसऱ्याच कुणाचा. गाल मात्र यांचा, डावा. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मागचा माणूस म्हणाला, "ओ, बसा ना खाली!" उस्ताद रडत होते.

घरी आल्या आल्या त्यांनी मला सुमनला चिठ्ठी लिहायला लावली आणि एकोडीच्या शेवटच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर ती धाडली. "लिहा, रविवारी तीनचा खेळ. एकडाव ये, बापाले पाहून जा. मंग नको येऊ."

ती आली. मामाला न विचारता, एकटी. आम्ही तिघं बसलो. मोटार निघाली, उस्तादांनी तिचा हात धरला, पडदा एकदम पांढरा झाला आणि पुढच्या क्षणी मोटार दरीत! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तसाच ऑपरेटरकडे धावलो. तो म्हणाला, "सकाळच्या खेळाले रीळ तुटली जी. फाटलेला तुकडा काढला अन् जोडली." तुकडा कुठाय? त्यानं हात झटकले. असले तुकडे खाली टाकले की पोरं लगेच उचलून नेतात. आम्ही टॉकीजमागचा सगळा कचरा उपसला. सुमन भिंतीशी उभी राहून बघत होती.

"पोरी, मी काल पाहिलं आहे, माझ्या डोळ्यांनी," मी म्हणालो.

"तुमी त्यायचे दोस्त आहा, गुरुजी." मग बापाकडे वळून म्हणाली, "काहून इतकं करून राहिले, बाबा? जेलातून आलो म्हणून सांगतलं असतं, तरी मी आली असती. मले खोट्याचा राग हाये." आणि ती एस.टी.च्या थांब्याकडे निघून गेली.

नंतर आठ दिवस दुकान बंद होतं. मग उघडलं, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तो काय, सुमन दुकानात बसलेली, पुढे भाकरी सोडलेली. मला बघून तिचा चेहरा फुलला. "गुरुजी, बाबा माह्या घरी आले होते. सबन कबूल केलं. जेलातच होते म्हने. आता माहा राग नाही."

उस्ताद चाकाची तार कसत होते. त्यांनी वर पाहिलं, अगदी समोरून. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, "बरं झालं."

ती गेल्यावर मात्र मी भडकलो. "अहो, चार वर्षं उपाशी राहून मिळवलेलं तुमचं एवढंसं काम! तेही पुसून टाकलंत?"

"पिच्चर तिनं मानला नाही, जेल मानला. आता काय करता?" ते तार कसतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमी तर पाहिलं ना, गुरुजी?"

"पाहिलं."

"रोल चांगला केलता?"

"चांगला केला होता, उस्ताद."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि सुमननं ठेवलेली भाकरी अर्धी मोडून त्यांनी माझ्यापुढे केली.