तात्यांच्या आवाजाचं पॅकेज

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका खोलीत एक बंद पडलेली वस्तू ठेवायची आणि तिच्याभोवती तीन-चार रिटायर माणसं बसवायची, बस्स! थोड्याच दिवसांत एवढं साचतं की सांगायला बसलं तर हातातला चहा निवतो. आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला मंडळाची खोली आहे. तिथे कॅरमच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर पडला होता, वर टॉवेल टाकलेला. तो टॉवेल निघाला त्याचे हे किस्से.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचा जन्म लोअर परळच्या एका ऑफिसात लिफ्ट चालवण्यात गेला. तेव्हा मला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट मिळतं ते, समजतं, असं कोणी समजू नका. जे थोडं कळलं ते ग्लॅडिसबाईंच्या कृपेने. बाई मूळ गिरगावच्या, एका ऑफिसात टायपिस्ट होत्या, नंतर तिथेच कॉम्प्युटरवर बसल्या. रिटायर झाल्यावर मुलीकडे, आमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. लिनक्स त्यांनाही नवीनच. पण बिघडलं तर बिघडलं, परत लावू, हा त्यांचा स्वभाव. मला वाटतं अर्धं शिक्षण तेवढंच असतं.

*

सुरुवात तात्या सावंतांपासून. तात्या मालवणकडचे. दर माघात चाळीची पूजा झाली की गाऱ्हाणं तेच घालायचे. देवासमोर उभं राहून सगळ्या चाळीच्या वतीने एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तात्यांचा आवाज असा की रस्त्यापलीकडचा पानवालासुद्धा पान लावता लावता व्हय म्हाराजा म्हणायचा, आणि तो बिचारा बनारसचा!

मग घशाचं ऑपरेशन झालं. तात्या वाचले, आवाज गेला. नातवाची पाटी घेऊन खडूने लिहून बोलायला लागले. त्या वर्षी पूजेला ते खाली उतरलेच नाहीत. त्यांच्या जागेवर उभं राहायला कोणी धजेना, म्हणून गाऱ्हाणंही झालं नाही. शिऱ्याचा प्रसाद खाऊन सगळे गपचूप घरी गेले.

ग्लॅडिसबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, लिहिलेलं बोलून दाखवणारं मशीन असतं. मुलीच्या मोबाइलवर लावून दाखवलं. त्यातून एक गोड पोरगी बोलली. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि पाटीवर लिहिलं,

"बरा बोलता. पण देव इचारीत, सावंत खंय गेलो?"

पुरुषाचा मराठी आवाज लिनक्सवर फुकट मिळतो, असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. आणि लिनक्स जुन्या मशीनवरही चालतं. मंडळाचा सेक्रेटरी मोहन म्हणाला, कॉम्प्युटर घ्या, नाहीतरी त्याच्यावर टॉवेलच वाळतोय. पुढचा माघ यायच्या आत तात्यांचा आवाज उभा करायचा, असं ठरलं.

*

बाईंनी लिनक्स मंडळाच्या वायफायवरून उतरवलं, पेनड्राइव्हवर घातलं, कॉम्प्युटरला लावलं. स्क्रीनवर टक्के चढायला लागले. माझं काम एकच: बघत बसायचं, हात लावायचा नाही. आकडे चढताना बघण्यातच माझी नोकरी झालेली, तेव्हा ह्या कामाला माझ्यासारखा माणूस मिळणार नाही!

मध्येच आकडा थांबला तो थांबलाच. मी म्हटलं, दोन मजल्यांच्या मध्ये अडकली वाटतं. बाईंनी शोधून काढलं, की उतरवताना वायफाय गेलं होतं आणि फाइलच खराब आली होती. अशा फाइलला एक लांबलचक नंबर असतो. तो बनवणाऱ्यांनी दिलेल्या नंबराशी जुळला तरच माल धड. आणि हे जुळवून बघायचं असतं ते लावायच्या आधी.

तात्यांच्या बायको, शेवंतावहिनी, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाजारातच माशाचो कल्लो उघडून बघूचो आसता, बाई. घराक आणून बघून काय उपेग?"

दुसऱ्यांदा उतरवल्यावर बाईंनी नंबर जुळवायला घेतला तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "वहिनी, या. कल्ला लाल आहे!"

*

लिनक्स बसलं. आता आवाजाचं पॅकेज, म्हणजे आवाजाच्या फाइलींचा गठ्ठा, मागवायचं. पण मशीन घ्यायलाच तयार नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर, पॅकेजांची ही यादी अजून लागू झालेली नाही. बाईंनी दोन दिवस डोकं लावलं. शेवटी त्यांची नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटा सेल असतो, तो संपला होता. त्यामुळे मशीनचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं होतं. आजची यादी त्याला अजून न उजाडलेल्या दिवसाची वाटत होती, म्हणून ते घेत नव्हतं.

बाई हसत सुटल्या. ह्याला अजून पत्ताच नाही मधे काय काय झालं ते, म्हणाल्या. मीही हसलो.

तात्यांनी पाटी पुसली, हळूहळू लिहिलं आणि आमच्याकडे फिरवली.

"म्हणजे हेच्या हिशेबान मी अजून बोलतंय."

आमचं हसू तिथेच थांबलं. मग तात्यांचे खांदेच हलायला लागले. आवाज नसलेल्या माणसाचं हसू पहिल्यांदा पाहिलं मी. त्यानंतर पुष्कळदा पाहिलं, देवाची कृपा. नवा सेल घड्याळवाल्याने आणून बसवला आणि मशीन एका मिनिटात आजच्या तारखेला आलं.

*

तरी काम सोपं नव्हतं. एक पॅकेज मागवलं की ते म्हणणार, आधी अमका आणा. अमका म्हणणार, तमक्याशिवाय मी येत नाही. वहिनी म्हणाल्या, लग्नातले सोयरे असेच असतात, एकाला पत्रिका दिली की दुसरा रुसतो. बाईंनी सगळ्यांना एकदम आमंत्रण धाडलं आणि वऱ्हाड यायला लागलं.

वऱ्हाड अर्ध्या वाटेत असताना मोहन आला. त्याला कॅरमवरचा दिवा लावायचा होता. विजेच्या बोर्डात जागा नव्हती, म्हणून त्याने एक प्लग काढला. कुठला, ते सांगायला नको!

मशीन परत चालू केलं तर सगळी पॅकेजं अर्धी आत, अर्धी बाहेर. नवं काही घेईना, जुनं सोडेना. बाईंनी मोहनला जे सुनावलं ते गिरगावच्या मराठीत होतं आणि ते मी लिहीत नाही. मग त्यांनी इंटरनेटवर, जिथे लोक आपापल्या अडचणी मांडतात, तिथे आमची अडचण लिहिली. सकाळी उत्तर आलेलं. कुठल्या देशातला, कोण माणूस, माहीत नाही. आधी ही ओळ टाइप करा, मग ही, आणि घाबरू नका, माझंही असंच झालं होतं, एवढंच त्याने लिहिलं होतं. बाईंनी दोन ओळी टाइप केल्या. अडकलेलं वऱ्हाड गुमान आत येऊन बसलं.

मला त्या माणसाचं फार वाटलं. आपण कोण, तो कोण. आपल्यासाठी वेळ काढून बसला. तात्यांनी पाटीवर लिहिलं, "पत्तो इचार. सोलां धाडूया." कोकमाची सोलं, त्यांच्या गावची.

बाईंनी समजावलं की तिथे पत्ता नसतो, खरं नावही नसतं.

वहिनी काळजीत पडल्या. "पत्तो नाय? मग तो रवता खंय?"

*

आवाज आला तो दिवस. पहिल्यांदा मशीनने शब्द बोलायच्या ऐवजी एकेका अक्षराचं इंग्रजीत नाव घेतलं, साहेब हजेरी घेतात तसं. मराठीची फाइल खराब होती. ती बाईंनी काढून नवी घातली. मग तात्यांच्या पुढ्यात कीबोर्ड सरकवला. त्यावर मराठी अक्षरांचे स्टिकर मीच चिकटवले होते, थोडे तिरके. वहिनींना वरून बोलावून घेतलं. तात्यांनी एका बोटाने शोधत शोधत टाइप केलं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला,

"शेवंता, चाय."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. पदर डोळ्याला लावला, आणि म्हणाल्या, "इतके म्हयने ह्ये गप होते. आता बोलले, तर चायच?"

पण चहा सगळ्यांना आणला. आलं घालून.

*

आता शेवटचा किस्सा. पूजेच्या आदल्या दिवशी तालीम घेतली तर मशीन गाऱ्हाणं एका दमात म्हणून मोकळं! व्हय म्हाराजा म्हणायला कोणाला फटच सापडेना. तेव्हा असं ठरलं, की तात्यांनी एकेक मागणं वेगळ्या ओळीवर लिहायचं, आणि मी एंटर दाबला की मशीनने एकच ओळ बोलून थांबायचं. ते काम मला. सगळी माणसं आत आल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढं तरी मला येतं.

पूजा झाली. तात्या धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या नेहमीच्या जागेवर उभे राहिले, नारळ हातात. मोहनने माइक कॉम्प्युटरच्या स्पीकरला टेकवला आणि स्वतः प्लगजवळ जाऊन बसला, कोणी काढू नये म्हणून. मी एंटर दाबला.

"बा देवा म्हाराजा," मशीन म्हणालं.

पोरंटोरं फिसकन हसली. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रस्त्यापलीकडून पानवाला ओरडला, "व्हय म्हाराजा!" मग सगळी चाळ म्हणाली.

"चाळीत जो कोण आजारी आसात, तेका बरो कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आमच्या ग्लॅडिसबायक, तिच्या पोरीक, सुखात ठेव म्हाराजा."

ग्लॅडिसबाईंनी क्रॉसची खूण केली आणि त्याही म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

"जेका नाव नाय, पत्तो नाय, तरी जेणा आमका वाट दाखवल्यान, तो जंय आसात थंय तेका काय उणा पडाक देव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मी थांबलो, आवाज पुरता विरू दिला, आणि एंटर दाबला. मशीन गप्प. परत दाबला. गप्पच. बाई धावत आल्या, वायर चाचपली, स्क्रीनवर वाकल्या. कुठे एरर नाही, काही नाही. तात्यांनी लिहिलेल्या ओळी तेवढ्याच होत्या. त्यांच्या खाली कोरं होतं.

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि समोर बघा अशी मान हलवली.

तात्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते, सावकाश, नेहमीच्या लयीत. अख्खी चाळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. ओठ थांबले.

आधी वहिनी म्हणाल्या, एकट्याच. मग सगळे.

"व्हय म्हाराजा!"