पॅक म्हणायला लाजायचं नाही

मस्कतच्या डोंगरांआड, अल अमेरातमध्ये, राहत होती एक सासू, म्हणजे मी, तिचा मुलगा सुधीर, सून रेखा आणि दोन वर्षांचा नातू. सगळं छान होतं, फक्त दर शुक्रवारी दुपारी घरी जमणाऱ्या पोकरमध्ये सुधीर हरायचा! त्या टेबलाचे किस्से इतके साठलेत, की एक काढायला जावं तर चार खाली पडतात.

पैसे नाहीत हं, हरभरे! ज्याचे आधी संपतील, त्या घराने पुढच्या शुक्रवारी सकाळी मवालेहच्या बाजारातून सगळ्यांची आठवड्याची भाजी आणायची. नेमकी तीच वेळ रेखाच्या ड्रायव्हिंग क्लासची. सुधीर बाजारात, माझे गुडघे धरलेले, नातवामागे धावणार कोण? क्लास बुडायचा. पोरगी दोनदा नापास झाली. शाळेतली नोकरी लायसन्सवर अडलेली. शेवटी त्याला वळण लावायला मीच सुधीरशेजारी खेळायला बसले.

*

हातात दोन पानं येतात. आत जायचं की पानं टाकून ‘पॅक’ म्हणायचं, ते तेव्हाच ठरवायचं. टेबलावरची, सगळ्यांच्या सामाईक वापराची पानं नंतर उघडतात. पण आमच्या मंडळींना पॅक म्हणजे ताटात वाढलेलं टाकल्यासारखं वाटायचं! मी ओळीने सहा वेळा पॅक केलं. सुधीरचे मॅनेजर पेडणेकर साहेब हळूच म्हणाले, “काकू, आमचं काही चुकलं का?”

रत्नागिरीचे हमीदभाई, मसाल्याचे व्यापारी, सोडा घेऊन आले. “पोट बिघडलंय?”

“पोट ठणठणीत आहे हो, पानं नासकी आहेत!”

*

सुधीर बदामाची सत्ती-दुरी घेऊन आत. का रे बाबा?

“आई, एकाच रंगाची आहेत!”

“मॅचिंग ब्लाऊज घातला म्हणून सुती साडीची पैठणी होत नाही!”

*

मला एकदा एक्क्यांची जोडी आली. भिडेपोटी मीही सगळ्यांसारखे दोनच हरभरे टाकले. सगळे आत आले, टेबलावरही नव्वी-चौकी उघडली आणि हमीदभाईंच्या नव्वी-चौकीने दोन जोड्या जमवून माझे एक्के खाल्ले. पुढच्या वेळी एक्के आल्यावर एकदम पंधरा टाकले! सगळे पळाले, एक सुधीर सोडून. त्याच्याकडे पंजी-तिर्री.

“अरे, कशाला आलास?”

“तुला एकटीला कसं सोडू?”

*

रेखाच्या टेस्टआधी एकच क्लास उरला होता. त्या शुक्रवारी सुधीरकडे मोजून बारा हरभरे. हातात राणी-दश्शी. साहेबांनी पुढे ढकलले होते नव्हते ते तीस. साहेबांना नाही कसं म्हणायचं? स्वयंपाकघराच्या दारात रेखा, कडेवर पोर.

“पॅक,” सुधीर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा!

“मी आहे ना, साहेब!” म्हणत हमीदभाई घुसले आणि साहेबांचे हरभरे खलास.

पुढच्या शुक्रवारी साहेब घामाघूम होऊन कांद्याची गोणी दारात टाकून गेले. रेखाचा क्लास झाला. रविवारी ती पास झाली, आणि महिन्याभरात शाळेत रुजूही झाली.

*

रेखाच्या पहिल्या पगाराच्या आठवड्यातली गोष्ट. टेबलावर साहेबांच्या खालोखाल माझेच हरभरे. हातात अठ्ठी आणि चौकी, रंगही वेगळे. साहेबांनी वीस टाकले. मी सगळाच्या सगळा ढीग पुढे सारला.

“आई! काय करतेस?” सुधीर ओरडला.

साहेबांनी राजांची जोडी दाखवली. “काकू, आज तुम्ही संपलात! आता बाजार तुमच्याकडे.”

“असू दे,” मी म्हटलं. “रेखा, पुढच्या शुक्रवारी किती वाजता निघायचं गं? पुढच्या सीटवर मी बसणार.”