तळं कुठल्या हाताला

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर मोड आलेले वाल सोलले. परात मधे, ही त्या बाजूला, मी या बाजूला. सोलता सोलता भांडलो. ते रोजचंच.

निमित्त नातीचं. ती कॉलेजासाठी पनवेलच्या जुन्या नाटकांवर लिहितेय. आता नाट्यगृह आहे, मऊ खुर्च्या आहेत. आमच्या वेळी तळ्याकाठच्या मैदानात बांबू रोवून, फळ्या टाकून स्टेज व्हायचं. बायका दुपारीच गोणपाट अंथरून वर दगड ठेवून जायच्या. ती जागा मग कुणी घ्यायचं नाही. मी हवालदार व्हायचो. नाटक कुठलंही असो, मी हवालदारच. नातीला मैदानाचा नकाशा काढायचा होता. मी सांगितलं, तळं डाव्या हाताला.

"उजव्या," ही म्हणाली.

"डाव्या. मी त्याच बाजूनं आत जायचो."

"तळ्यावरचा वारा माझ्या उजव्या कानात शिरायचा. कान बांधून बसायची मी, तुमचं सोंग बघायला!"

"तुझं डोकं ठिकाणावर नाय."

"उद्या चला, दाखवते. आता वाल सोला, सालीसकट टाकू नका."

दुपारी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच बसली. ती बसलीच. डॉक्टर काहीतरी सांगत होता, मला त्यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी नेली.

वाल परातीतच होते. शेजारणी म्हणाल्या, टाकून द्या. मी म्हटलं, हात लावू नका. का म्हटलं, ठाऊक नाही. डोक्यात एकच, डावं की उजवं. बायको गेली आणि माणूस तळ्याचा विचार करतोय, हे काय खूळ? पण करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं.

"बाबा, सुतकात कुठं चाललात?" पोरगा ओरडला.

"उद्या चला म्हणाली होती," म्हटलं आणि निघालो.

मैदानात आता गाड्या लावतात. स्टेज होतं तिथं आधी उभा राहिलो, प्रेक्षकांकडं तोंड करून. तळं डाव्या हाताला. बघ, म्हटलं. मग दोन गाड्यांच्या मधे, बायका बसायच्या तिथं गोणपाट टाकलं आणि स्टेजकडं तोंड करून बसलो. जन्मात तिथं बसलो नव्हतो.

वारा उजव्या कानात शिरला.

मग आम्ही भांडलो कशाला?

"आजोबा, उठा, गाडी काढायचीय," कुणीतरी म्हणालं.

उठलो. गोणपाट जरा बाजूला सरकवलं, वर दगड ठेवला आणि घरी आलो.